काटकसर कुणाची, कुणासाठी?

(परभणीत तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललं तसंच, थोडं नीट करून.)



मला इथं 'पैसा आणि आपण' या विषयावर बोलायला सांगितलंय. मी काही अर्थतज्ज्ञ नाही. दहावी पास. मुंबईच्या गोदीत ठेकेदाराच्या टोळीत माल उचलतो. कविता लिहितो, पण कवितेवर आजवर चहाची उधारीसुद्धा फिटलेली नाही. तेव्हा पैसा वाढवायचा कसा हे मला विचारू नका. पैसा नसताना घर कसं चालतं, आणि पुढं पैसा आला तरी ते नसणं माणसाच्या अंगात कसं मुरून राहतं, एवढंच मला माहीत आहे. तेच बोलतो.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीत एक साहेब आले होते. इस्त्रीचा शर्ट, भिंतीवर चित्रं दाखवायचं मशीन. समाजमंदिरात बाया गोळा केल्या आणि म्हणाले, "तुम्हा लोकांना बचतीची सवय नाही. पैसा हातात आला की मटण आणता, पाहुणचार करता, जयंतीला उडवता. लहानपणापासून वळणच नाही." माझी माय शेवटच्या रांगेत बसली होती. घरी आल्यावर चूल पेटवता पेटवता म्हणाली, "त्या लेकराला एकदा आपल्या चुलीम्होरं बसवा रे कुणीतरी. बचत काय असती ते दिसंल त्याला."

तर आज मी तुम्हाला त्या चुलीपुढं बसवतो.

आमचं गाव गंगाखेड तालुक्यातलं. जनाबाईचा तालुका. जनाबाई जात्यावर दळली, तिच्या ओव्यांचं लोकांनी सोनं केलं. आमच्या आज्या-पणज्याही दळल्या, पण त्यांच्या पिठाचा हिशेब कुणी ठेवला नाही. माय-बाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे ते होळी-पाडव्यापर्यंत. आम्ही तीन भावंडं आजीजवळ. कणगीत ज्वारी किती, ते आजीला झाकण न उघडता कळायचं. बुक्की मारून आवाजावरनं सांगायची, "पौषापस्तोर जाईल."

आजीचं माप म्हणजे मूठ. सहा माणसांच्या बेसनाला एक मूठ पीठ. आमच्याकडं पिठल्याला बेसन म्हणतात. पाहुणा आला तर पिठाची मूठ तीच, पाणी वाढायचं आणि मिरची वाढायची. तिखट झालं की माणूस भाकरी जास्त खातो आणि बेसन कमी. हे अर्थशास्त्र कोणत्या पुस्तकात आहे? येसर असायचा डब्यात. ज्वारी, हरभरा, धने भाजून दळलेला. नुसत्या पाण्याला फोडणी द्यायची, चिमटीभर येसर लावायचा की पाण्याची आमटी. अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या घालायच्या म्हणजे भाजी पोटाला धरते. पावसाळा लागला की तरोटा, चिगळ, पाथरी. बांधावरचं, फुकटचं. करडईची, हरभऱ्याची कोवळी पानं खुडून वाळवायची, उन्हाळ्यात तीच भाजी. तेल करडीचं. बाटलीच्या बुचाला बारीक भोक पाडलेलं, बूच काढायचं नाही. सरपण म्हणजे पळाट्या आणि तुराट्या. भाकऱ्या झाल्या की राहिलेल्या आरावर वांगं नाहीतर मिरची भाजायची, कारण आर वाया घालवणं म्हणजे पाप.

आणि भाकरी. पहिल्या दिवशी ती भाकरी. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच शिळी, जवसाच्या नाहीतर कारळाच्या चटणीसंगं. दुपारी तिचा कुस्करा, कांदा घालून. त्यातूनही तुकडे उरले तर पत्र्यावर वाळवायचे, आणि ज्या दिवशी काहीच नसेल त्या दिवशी येसराच्या पाण्यात शिजवायचे. एक भाकरी चार नावांनी खाल्ली आम्ही.

आता त्या साहेबाला विचारा, याच्यात अजून कुठं बचत करायची ते. बुचाचं भोक बुजवायचं का?

पण मित्रांनो, इथं एक शब्द नीट लावून घेऊ. याला लोक काटकसर म्हणतात. मी म्हणत नाही. दहा रुपये असताना माणूस सहा खर्चतो आणि चार ठेवतो, ती काटकसर. दहाची गरज असताना हातात चारच असतात, तिथं काटकसर नसते, तिथं टंचाई असते. आमच्या बाया त्याला नेमका शब्द वापरतात: 'भागवणं'. "कसं चाललंय?" "भागवतो." काटकसर ही निवड आहे. भागवणं ही शिक्षा आहे. आणि शिक्षेला सद्गुण म्हणून आमच्या गळ्यात घालायचा धंदा जुना आहे.

किती जुना? आजीच्या सासूनं येसकराच्या भाकरी खाल्लेल्या. गावकीची पाळी करायची, मेलेलं जनावर ओढायचं, सांगावा न्यायचा, आणि संध्याकाळी दारोदार टोपलं घेऊन भाकरी मागायच्या. मजुरीचा रोख पैसा नाही. कामाचा मोबदला शिळा तुकडा. ज्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या पैशात मोबदलाच दिला नाही, त्याला आज विचारायचं, तुला पैसा हाताळायचं वळण का नाही? हा प्रश्नच निर्लज्ज आहे. ते वाळवलेले तुकडे येसराच्या पाण्यात शिजवायची कला आमच्या घरात कुठून आली, ते आता तुमच्या ध्यानात आलं असेल.

बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सांगितलं, मेलेल्या जनावराचं मांस सोडा, शिळ्या तुकड्यांवरची मिंधेगिरी सोडा. ते भाषण पोटाविरुद्ध नव्हतं. त्या तुकड्याच्या बदल्यात जी मान खाली घालावी लागायची, तिच्याविरुद्ध होतं. आपल्याकडं, निजामाच्या मुलखात, ते वारं पोचायला वेळ लागला. पण पोचलं.

मग १९७२ चा दुष्काळ. आजी तेव्हा परकर-पोलक्यातली पोरगी. खडी फोडायला गेली. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, मिलो, सरकारनं वाटली. तिची भाकरी थापताना फुटायची, घशाखाली उतरायची नाही. दुष्काळी कामावर सुकडी मिळायची. आजी अर्धी खायची, अर्धी पदराला बांधून धाकट्या भावाला न्यायची. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, ती याच खडी फोडणाऱ्या हातांची कमाई. आजीला कायद्याचं कलम माहीत नव्हतं. पण अर्धं खायचं आणि अर्धं बांधायचं ही सवय तिला तिथं लागली, ती मरेपर्यंत सुटली नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा तिच्या पदरात एक गाठ असायची.

आमच्या या जेवणावर शाहू पाटोळे यांनी २०१५ साली पुस्तक लिहिलं. नाव 'अन्न हे अपूर्णब्रह्म'. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या घरात काय शिजायचं, कसं शिजायचं, ते सगळं. खानावळीच्या भिंतीवर 'अन्न हे पूर्णब्रह्म' लिहिलेलं असतं ना, त्याला त्यांनी एका अक्षरानं उत्तर दिलं. ते पुस्तक वाचा. नंतर आपापल्या आजीजवळ वही घेऊन बसा. माझी आजी गेली. येसरात ती अजून काय घालायची ते माझ्या मायलाही नीट आठवत नाही. सात-बारा नसलेल्या माणसाची हीच मालमत्ता असते, आणि ती वारसाच्या नावावर न होताच जळून जाते.

आता पैशाकडं येतो. चुलीपुढं जे शिकलो, तेच हातात पैसा आल्यावर कसं वागतं?

माझ्या बापाच्या हातात पैसा वर्षातून एकदाच दिसायचा, दसऱ्याच्या आगेमागे. तो पैसा म्हणजे उचल. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्या कोयत्यावर मुकादम आगाऊ रक्कम देतो. पुढं पाच महिने ती ऊस तोडून फेडायची. एक दिवस आजारी पडलं की खाडा, त्याचे पैसे वरून कापणार. आठवड्याला खर्ची मिळते, तीसुद्धा उचलीतच मांडतात. उसाचं वाढं विकून जे चार रुपये सुटतील, तेवढाच खरा रोख पैसा. म्हणजे मी लहानपणी पैसा पाहिला तो कर्जाच्या रूपात. कमाई म्हणून कधी पाहिलाच नाही. पैसा घरात आला की घर आनंदात नसायचं, घर गप्प व्हायचं. कारण पैसा आला म्हणजे माय-बाप जाणार.

आलेल्या दिवशी बाप आधी दुकानदाराची उधारी फेडायचा, आणि राहिलेल्यातून मटण आणायचा. साहेब म्हणतात ते खरं आहे, आणायचा! पण ते का, ते साहेबाला दिसत नाही. उधारी फेडली नाही तर मागं राहिलेल्या आजीला तो मीठसुद्धा देणार नव्हता. आणि मटण आणलं नाही तर त्या पैशाचं दुसरं काय झालं असतं? घरात ठेवला तर कुणीतरी आजारी पडणार, पत्रा उडणार, पोलीस येणार. आमच्या घरात पैसा कधी टिकलाच नाही, म्हणून खाल्लेलं तेवढंच आपलं. पोटात गेलेलं मुकादम काढून घेऊ शकत नाही. ही उधळपट्टी नव्हे. ज्याचा उद्या दुसऱ्याच्या वहीत लिहिलेला आहे, त्याचं ते शहाणपण आहे.

आणि गरिबाला सगळं महागच पडतं. तेल सुट्टं घ्यायचं, चहाची पुडी, साखरेची पुडी, साबणाची अर्धी वडी. महिन्याचा हिशेब केला तर डब्याच्या भावापेक्षा चढंच पडतं. पण डबा घ्यायला एकरकमी पैसा लागतो, तोच नसतो. आता आठवड्याच्या हप्त्यावर कर्ज देणारे दारात येतात. दहा बायांचा गट, एकीनं हप्ता चुकवला तर नऊजणी तिच्या दारात. पूर्वी सावकार एकटा यायचा. आता त्यानं आपल्याच बाया सावकारीच्या कामाला लावल्या.

मी गोदीत लागलो तेव्हा मला वाटलं, सुटलो. पाळीवर पैसे, हातात रोख. येसकराच्या पाळीपासून गोदीतल्या पाळीपर्यंत चार पिढ्या आलो, पाळी सुटली नाही ही गोष्ट वेगळी. पण मोबदला पैशात मिळतो हे थोडं नव्हे. आणि मग मला माझीच गंमत दिसायला लागली. गंमत नाही, रोग.

माझ्या खोलीत कायम तीन महिन्यांची ज्वारी असते. खाली दुकान आहे, रात्री अकरापर्यंत उघडं असतं. तरी माझा डबा भरलेला लागतो, नाहीतर झोप येत नाही. टोळीतली पोरं गरम राइसप्लेट खातात, मी कालची भाकरी काढतो. पैसा नसतो म्हणून नाही. गरम खाताना चोरी केल्यासारखं वाटतं म्हणून. मागच्या वर्षी पोती उचलताना माझ्या खांद्यातून कळ निघाली. डॉक्टरकडं जायचं तर फी, फोटो, गोळ्या, मिळून हजारेक रुपये. खात्यात पैसे होते. मी गेलो नाही. हळद लावली, गरम विटेनं शेकलं, दोन महिने काढले. मग एक दिवस हातच वर जाईना. एकवीस दिवस काम गेलं. खाड्याचे पैसे ठेकेदार देत नाही. हजार वाचवले आणि त्याच्या कितीतरी पट घालवले. आजीच्या बुचाचं भोक माझ्या डोक्याला पडलेलं होतं.

म्हणून सांगतो, टंचाईतल्या सवयींच्या नुसत्या आरत्या ओवाळू नका. त्यांनी आपल्याला जगवलं हे खरं. पण त्या सवयी आपल्याला एक फार वाईट गोष्ट शिकवतात: पहिली काटछाट स्वतःच्या देहात करायची.

आणि सगळ्यात आधी बाईच्या देहात. कबुली देतो. मी मायला फोनवरून पैसे पाठवतो. दोन महिन्यांखाली मी तिला हिशेब मागितला. म्हणालो, "एवढे पाठवले, गेले कुठं?" माझा आवाज मलाच मुकादमासारखा ऐकू आला. माय गप्प राहिली. मग एकेक सांगायला लागली. शेजारच्या पोरीची परीक्षेची फी भरली. गिरणीचे. दुकानदाराचे. बहिणीच्या बाळंतपणाला डिंक-मेथी. सगळं सांगून झालं. मी विचारलं, "आणि तुझं?" ती म्हणाली, "माझं काय अस्तंय? मी उरल्यासुरल्यात भागवते."

दोस्तांनो, तिच्या हिशेबात सगळं गाव होतं, ती एकटी नव्हती. मी ज्याला उधळपट्टी म्हणत होतो, ती शेजारच्या पोरीची फी तिची बँक होती. कारण उद्या माय पडली तर तीच पोरगी पाणी देणार, मी सहाशे किलोमीटरवर. आणि मी ज्याला काटकसर म्हणून डोक्यावर घेत होतो, ती तिची रिकामी थाळी होती.

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायांपैकी ५४ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी निघालं. निम्म्याहून जास्त! ते रक्त गेलं कुठं? आपल्या थाळीत आलं. पुरुष आधी, पोरं नंतर, पाहुणा मध्येच, आणि माय शेवटी, खरवड पुसून.

बाबासाहेब लंडनला अर्धपोटी राहिले, रात्री पापडावर भूक भागवली, पण पुस्तकं घेणं सोडलं नाही, हे आपण अभिमानानं सांगतो. सांगायलाच पाहिजे. ही खरी काटकसर, कारण तिला हेतू होता. पण इकडं रमाईनं गोवऱ्या थापून संसार ओढला, डोळ्यांदेखत लेकरं गेली, आणि १९३५ साली ती स्वतः गेली. त्या पुस्तकांची अर्धी किंमत रमाईच्या थाळीतून गेलेली आहे. रमाईच्या फोटोला हार घालून घरी आल्यावर बायकोनं वाढलेलं निमूट गिळायचं आणि 'तू जेवलीस का' एवढंही विचारायचं नाही, हा आपला ढोंगीपणा आहे. मी माझ्यासकट बोलतोय.

आता बाहेर बघा. आपल्या चुलीत काय शिजावं हे आपण ठरवतो का? आजी चान्या करायची. मांसाच्या पट्ट्या मीठ लावून दोरीवर वाळवायच्या, वर्षभर आरावर भाजून खायच्या. गरिबाला परवडणारं ते बळ होतं. २०१५ साली महाराष्ट्रात गाईसोबत बैल आणि वळू कापायलाही बंदी आली, पाच वर्षांपर्यंत कैद. २०१६ साली उच्च न्यायालयानं बाहेरच्या राज्यातून आणलेलं मांस जवळ बाळगण्यावरचं कलम रद्द केलं, पण कापण्यावरची बंदी ठेवली. आजी म्हणायची, "मेलेलं बाबासायबानं सोडायला लावलं, ते आमच्या मानासाठी. हे सरकारनं सोडायला लावलं, ते कुणाच्या मानासाठी?" तिला उत्तर देणारा अजून भेटला नाही.

ज्वारीचं ऐका. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं 'परभणी मोती' काढली, 'परभणी शक्ती' काढली. शक्तीमध्ये लोह आणि जस्त जास्त आहे. बायांच्या अंगात लोह नाही आणि वाणात लोह आहे, मग दोघांची गाठ का पडत नाही? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ, गव्हासोबत भरड धान्यही लिहिलेलं आहे. तरी आमच्या पिशवीत बहुतेक वेळा गहू आणि तांदूळच पडतात. २०२३ साली भरड धान्याचं जागतिक वर्ष झालं. सरकारनं त्याला 'श्रीअन्न' नाव दिलं. मुंबईत ज्वारीची भाकरी चकचकीत ताटात, आमच्या दिवसाच्या चहापाण्याच्या भावात. जी भाकरी डब्यातून काढताना मी शाळेत झाकण आडवं धरायचो, ती आता श्री झाली. भाकरी श्रीमंत झाली, भाकरी थापणारी तिथंच राहिली.

आणि तूर. आपल्या जिल्ह्याची तूर. २०१६ साली मोझांबिकशी तूर आणायचा करार झाला, २०२१ पासून आयात खुली झाली. आफ्रिकेतली तूर जहाजानं येते. तिकडचा शेतकरी काळा, गरीब, आपल्यासारखाच. त्याच्यावर माझा राग नाही. पण तिकडं त्याला भाव मिळत नाही, इकडं आपल्या शेतकऱ्याला मिळत नाही, आणि मायच्या आमटीत डाळ दिसायला भिंग लागतं. मग मधली डाळ खातो कोण? हा प्रश्न 'बचतीच्या सवयी' शिकवणारा साहेब कधी विचारत नाही. कारण सवय आमची काढायची असते, व्यवस्थेची नाही.

१९१८ साली बाबासाहेबांनी बर्ट्रांड रसेलच्या पुस्तकावर परीक्षण लिहिलं. पैशाचा लोभ वाईट, असं रसेलचं म्हणणं होतं. बाबासाहेबांनी ते तपासून घेतलं. माणूस नुसत्या पैशासाठी पैसा मागत नाही, कशासाठी तरी मागतो; त्या 'कशासाठी'वरून त्याची पारख करा, असा मी त्या लिखाणाचा अर्थ लावतो. तेव्हा ते सत्तावीस वर्षांचेही नसतील. आमच्या वयाचे! दारिद्र्याला सद्गुण म्हणणाऱ्या संतांच्या देशात एक अस्पृश्य पोरगा सांगतो, पैसा मागायला लाजू नका, हेतू सांगा.

म्हणून मी माझ्यापुरतं ठरवलंय ते सांगतो. पटलं तर घ्या. तीन गोष्टींत काटकसर करायची नाही: दवाखाना, पुस्तक आणि मायची थाळी. घरात पंगत एकत्र बसंल, बाई शेवटी जेवणार नाही. हप्त्याच्या कर्जावर लग्न-बारसं करायचं नाही, मग लोक काही म्हणोत. पण दारात आलेल्याला भाकरी द्यायला मागंपुढं बघायचं नाही, ती आपली बँक आहे. आणि रेशनवर ज्वारी द्या, परभणीची द्या, ही मागणी घेऊन तहसीलवर जायचं. बाया पुढं, आपण मागं.

खांद्याचं मी शेवटी दाखवलं. त्या दिवशी दवाखान्यातून निघालो आणि समोरच्या हॉटेलात बसून गरम जेवलो. पहिला घास घशात अडकला. दुसरा गेला. मायला फोन केला, म्हणलं, "गरम जेवलो." ती हसली. म्हणाली, "मग? मेलास का?"

नाही मेलो. लोक म्हणतात, जगात जर्मनी, भारतात परभणी. त्या परभणीत बायांनी मुठीच्या मापावर माणसं जगवली, हे पराक्रमाचं आहे. पण पुढच्या पिढीला ती मूठ मोजायला लागू नये. ती मूठ वर उचलायच्या कामाला यावी.

जयभीम.